तळ्याची मेर

भंडारा जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणण्याची रीत जुनी आहे. परंतु तलाव कोठे संपतो आणि शेत कोठे सुरू होते, हा प्रश्न भाद्रपदात विचारला तर एक उत्तर मिळते, वैशाखात विचारला तर दुसरे. भाद्रपदात जेथे कमरेइतके पाणी असते, तेथे वैशाखात जमीन भेगाळलेली दिसते आणि गाळपेर करणाराला ती आपलीच वाटू लागते. 11 डिसेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशातील पाणथळ जागांची प्रत्यक्ष पाहणी करून सीमा निश्चित करण्याचे काम राज्यांनी शक्यतो तीन महिन्यांत पुरे करावे, असा आदेश दिला. तेव्हापासून हा प्रश्न निवांत चर्चेचा राहिलेला नाही. आमच्या मते, त्याचे अर्धे उत्तर जमिनीत आहे आणि अर्धे जुन्या दप्तरात.

या प्रदेशातील तलाव बहुतांशी निसर्गाने दिलेले नव्हेत, ते माणसांनी बांधले. वैनगंगेच्या खोऱ्यात कोहळी समाजाने गोंड राजवटीच्या काळापासून हे काम केले. तलाव बांधील त्याला जमीन मिळे, असे परंपरा सांगते. नवेगाव बांधचा विस्तीर्ण जलाशय अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे मानतात. 1 मे 1999 रोजी जिल्ह्याचे विभाजन झाले आणि तो गोंदियाकडे गेला. साकोली तालुक्यातील शिवनीबांध मात्र भंडाऱ्यातच राहिला. याखेरीज गावोगावी लहानमोठे तलाव आणि शेताच्या उशाशी असलेल्या बोड्या आहेतच.

या बांधकाऱ्यांनी सीमेचा प्रश्न आपल्या परीने सोडविला होता. उताराला आडवी मातीची पाळ घालावयाची आणि एका कडेला जादा पाणी वाहून जाण्यासाठी सांडवा ठेवावयाचा. सांडव्याच्या माथ्याची जी पातळी, तीच भरल्या तलावाची पातळी. त्या उंचीची रेषा पाणसळीने तलावाच्या पोटातून फिरविली की तळ्याची मेर आपोआप उमटते; पुराचे पाणी तिच्याही थोडे वर चढते. म्हणूनच कोणी रात्रीतून सांडवा फोडला, तर केवळ पाणी वाहून जात नाही, तळ्याची सीमाही आत सरकते. दुसऱ्या वर्षी उघड्या पडलेल्या जमिनीवर नांगर फिरतो.

आधुनिक शास्त्र तीन खुणा पाहते. अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी 1987 साली तयार केलेल्या मार्गदर्शिकेत पाणी, माती आणि वनस्पती या तिन्हींची साक्ष एकत्र घेण्याची पद्धत घालून दिली आहे. दीर्घकाळ पाण्याखाली राहिलेल्या मातीला हवा मिळत नाही. ती राखाडी पडते आणि मुळांच्या वाटेने तिच्यात गंजासारख्या तांबूस रेषा उमटतात. आमच्याकडे अडचण अशी की धानाच्या बांध्यांतली मातीही तशीच दिसते. तेव्हा एका खुणेवर निवाडा करता येत नाही.

याहून मोठी अडचण कायद्याच्या शब्दांत आहे. 2010 च्या पाणथळ जागांच्या नियमांत तलाव आणि जलाशय यांचा समावेश होता. 2017 च्या नियमांनी मात्र धानाची शेते आणि खास सिंचनासाठी बांधलेली जलस्थाने व्याख्येतून वगळली. त्याआधी 2011 साली अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राने उपग्रहचित्रांवरून देशाचा पाणथळ नकाशासंग्रह सिद्ध केला होता. त्यात 7,57,060 जागांची नोंद असली तरी त्यांपैकी 5,55,557 जागा सव्वादोन हेक्टरांहून लहान होत्या. न्यायालयाने 2017 साली संरक्षण दिले ते उरलेल्या 2,01,503 जागांना. आमच्या बोड्या बहुतेक त्या मापाखालच्या! म्हणजे लहान म्हणून बोडी गळते, आणि तलाव सिंचनाचा ठरला तर त्याच्यावरही गंडांतर येऊ शकते.

तलाव खरोखर केवळ सिंचनासाठी होता काय? येथे जुने दप्तर बोलते. मध्यप्रांतातील निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांत गावकऱ्यांच्या सामाईक वहिवाटी लिहिल्या जात. गुरांचे पाणी, मासेमारी, चराई, रस्ते असे हक्क त्यांत येतात. 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव शासनाकडे आले; पुढे त्यांतले लहान जिल्हा परिषदेकडे व मोठे पाटबंधारे खात्याकडे गेले. मालगुजारीचा काळ काही रामराज्य नव्हता. वेठबिगारही त्याच काळातली. परंतु पाळ कोणी सांभाळावयाची, हे तेव्हा गावाला ठाऊक असे. ती सवय मोडली. हक्कांची नोंद मात्र टिकली. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 हिने निस्तारपत्रकाला आजही स्थान दिलेले आहे. सीमा आखणाऱ्या पथकाने म्हणून दुर्बिणीबरोबर हे पत्रकही हाती घ्यावे. ज्या तळ्यात गुरे पाणी पितात आणि ढिवर जाळे टाकतात, ते केवळ शेताच्या पाण्याचे साधन नव्हे, याचा तो लेखी पुरावा आहे.

या मेरेवर ज्यांचे जगणे अवलंबून आहे, त्यांपैकी अनेकांच्या नावे सातबारा नाही. ढिवर बांधव मासे, शिंगाडे आणि कमळकंद यांवर पोट भरतात. सारस पक्षी उथळ पाण्यात चरतो आणि धानाच्या बांधीत घरटे करतो. त्याची घटती संख्या पाहून मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 साली स्वतःहून दखल घेतली. बेशरमीच्या झुडपांनी तळी भरत असताना भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवरांच्या सोबतीने तळ्यांत पुन्हा देशी पाणवनस्पती लावल्या. कोणती वनस्पती किती पाण्यात उगवते, हे ढिवरांना तोंडपाठ असते. सीमा ओळखण्याची ती विद्या शासकीय पथकाने त्यांच्याकडून मुद्दाम मागून घ्यावी.

शेजाऱ्याच्या शेताची खूण सरकवू नये, ही जुन्या करारातील आज्ञा आपणांस परिचित आहे. तळ्याच्या शेजारात आपण ढिवराला, गुराख्याला आणि सारसाला धरणार की नाही, एवढेच ठरवावयाचे उरले आहे. खुणेचे दगड त्यानंतर रोवावेत, आणि तेही भाद्रपदातले पाणी पाहून. वैशाखातली माती पाहून नव्हे.