चाळीस हंगाम आणि अकरा सेकंद

हॉकी म्हटलं की आपल्यापुढे ध्यानचंद उभे राहतात, हिरवं मैदान उभं राहतं. पण थंड प्रदेशांत हॉकी म्हणजे बर्फावरची हॉकी. आपल्या लडाखमध्येही गोठलेल्या तळ्यांवर ती खेळतात. पायांत धारदार पात्यांचे बूट, चेंडूऐवजी कडक रबराची चपटी चकती आणि मैदानाभोवती कमरेहून उंच कठडा. गोलरक्षक धरून एका संघाचे सहा जण मैदानात. वेग इतका की मिनिटभरातच खेळाडू थकतात, बाहेर येतात आणि ताजे गडी आत जातात. या छोट्या पाळीवर सगळा खेळ चालतो आणि कोणी कधी उतरायचं ते प्रशिक्षक ठरवतो.

अशाच एका प्रशिक्षकाविषयी आज बोलायचं आहे. अमेरिकेतल्या बोस्टन विद्यापीठाच्या संघाला चाळीस हंगाम घडवणारे जॅक पार्कर.

पार्कर बोस्टनला लागूनच असलेल्या सॉमरव्हिल गावचे. जन्म १९४५ चा. याच विद्यापीठात ते शिकले, खेळले, संघाचे कर्णधार झाले. पुढे तिथेच सहायक प्रशिक्षक होते. डिसेंबर १९७३ मध्ये, हंगाम ऐन भरात असताना, खेळाडूंच्या पात्रतेच्या वादावरून मुख्य प्रशिक्षकांना काढण्यात आलं आणि अठ्ठावीस वर्षांच्या पार्कर यांच्या हाती संघ आला. कोणाला वाटावं, हंगामापुरती सोय झाली. ती सोय २०१३ पर्यंत टिकली!

पहिल्या चार वर्षांत संघ दरवर्षी पूर्वेकडच्या महाविद्यालयांत अव्वल ठरला आणि दरवर्षी राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत हरला. किनाऱ्याशी येऊन चार वेळा नाव बुडावी, तसं झालं. पाचव्या वर्षी, १९७८ मध्ये, अंतिम सामन्यात शेजारच्याच बोस्टन कॉलेजला ५-३ असं हरवून त्यांनी पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं.

त्यानंतर दोनच वर्षांनी साऱ्या जगाला त्यांच्या कामाची खूण पटली. फेब्रुवारी १९८० मध्ये लेक प्लॅसिडच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या कोवळ्या, बहुतेक महाविद्यालयीन पोरांच्या संघाने सोव्हिएत संघाच्या कसलेल्या खेळाडूंना ४-३ असं हरवलं. पुढे सुवर्णपदकही जिंकलं. त्या संघाचे प्रशिक्षक हर्ब ब्रुक्स, पार्कर नव्हेत. पण विजयी गोल मारणारा कर्णधार माइक इरुझिओनी आणि गोल अडवणारा जिम क्रेग हे दोघेही पार्कर यांच्या हाताखाली तयार झालेले. त्या संघात त्यांचे एकूण चार विद्यार्थी होते. आमच्याकडे उस्तादाची ओळख शागिर्दावरून होते म्हणतात, ते इथे पुरतं लागू पडतं.

नव्वदच्या दशकात बोस्टनच्या व्यावसायिक संघाने, ब्रुइन्सने, त्यांना प्रशिक्षकपद देऊ केलं. मोठा पैसा, मोठं नाव. पार्कर गेले नाहीत. महाविद्यालयात मुलं चार वर्षांसाठी येतात आणि जातात. शिक्षक तिथेच राहतो. ते तिथेच राहिले.

आता त्या संध्याकाळकडे येतो, जिच्याशिवाय ही कहाणी सांगता येत नाही.

१९९५ मध्ये पार्कर यांच्या संघाने दुसरं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं होतं. २० ऑक्टोबर १९९५ ला नव्या हंगामाचा पहिला सामना होता, नॉर्थ डकोटाशी. आधी विजेतेपदाचा झेंडा छताला चढवण्यात आला. टाळ्या, जल्लोष. प्रेक्षकांत मेन राज्यातून आलेले एक आईवडील होते. त्यांचा वीस वर्षांचा मुलगा ट्रॅव्हिस रॉय त्या रात्री विद्यापीठाच्या संघातून पहिल्यांदा उतरणार होता. वडील स्वतः जुने हॉकीपटू. या पोशाखात खेळण्याचं स्वप्न मुलाने लहानपणापासून जपलेलं.

सामना सुरू होऊन दोन मिनिटंही झाली नव्हती. पार्कर यांनी ट्रॅव्हिसच्या फळीला पाळी दिली. तो प्रतिस्पर्ध्याला धडक द्यायला धावला, तोल गेला आणि डोकं कठड्यावर आदळलं. मानेचा चौथा मणका फुटला. मैदानात उतरल्यापासून सगळे मिळून अकरा सेकंद झाले होते. त्यानंतर तो चालला नाही. उजव्या हाताची थोडी हालचाल तेवढी परत आली. बर्फावर पडलेल्या मुलाजवळ वडील गेले, तेव्हा आपलं काहीतरी भयंकर झालंय हे त्याने ओळखलं होतं. तरी आपण इथवर पोचलो, हे त्याने वडिलांना सांगितलं.

यात प्रशिक्षकाची चूक नव्हती. नियमबाह्य काही घडलं नव्हतं. पण ज्याने पाळी दिली, त्या माणसाने पुढे काय करायचं? विजयांच्या तक्त्यात याला रकाना नसतो. पार्कर आणि ट्रॅव्हिस यांचं नातं त्या रात्री तुटलं नाही; ते आयुष्यभर राहिलं. ट्रॅव्हिस विद्यापीठात परतला, २००० मध्ये पदवीधर झाला. त्याच्या नावाने संस्था उभी राहिली. मणक्याच्या दुखापतीने जायबंदी झालेल्यांना साधनं मिळवून देणं आणि संशोधनाला मदत करणं हे तिचं काम होतं. १९९९ मध्ये विद्यापीठाने त्याचा २४ क्रमांक कायमचा राखून ठेवला. विद्यापीठाच्या हॉकीत तोवर असा मान कोणालाच मिळाला नव्हता. तो मिळाला अकरा सेकंद खेळलेल्या मुलाला!

पार्कर यांचं यश पुढेही चालू राहिलं. २००५ मध्ये नवं क्रीडागृह उघडलं, तिथल्या बर्फाच्या मैदानाला त्यांचं नाव दिलं गेलं. २००९ च्या अंतिम सामन्यात मायामीविरुद्ध संघ १-३ असा मागे होता. शेवटच्या मिनिटात दोन गोल झाले आणि जादा वेळेत विजेतेपद आलं, तिसरं.

पण उतारावरची एक गोष्ट झाकून ठेवता येत नाही. २०११-१२ च्या हंगामात दोन खेळाडूंना लैंगिक अत्याचाराच्या आरोपांवरून अटक झाली. एकावरचे आरोप पुढे मागे घेतले गेले, दुसऱ्याने मारहाणीचा गुन्हा कबूल केला. विद्यापीठाने समिती नेमली. हॉकीपटूंना आवारात मिळणाऱ्या मानामुळे, मुलींच्या बाबतीत आपल्याला हवं ते मिळायलाच हवं अशी वृत्ती काहींच्यात रुजली आहे, असा तिच्या अहवालाचा निष्कर्ष होता. पार्कर यांच्याकडचं क्रीडा विभागातलं वरिष्ठ पद गेलं, प्रशिक्षकपद राहिलं. ज्या विजयांनी मुलांना डोक्यावर बसवलं, त्याच विजयांची ही सावली होती. तिची किंमत दुसऱ्या कोणीतरी मोजली होती आणि त्यांची नावं कोणत्याही छताला टांगलेली नाहीत.

मार्च २०१३ मध्ये, अडुसष्टाव्या वाढदिवशी, पार्कर यांनी निवृत्ती जाहीर केली. शेवटचा सामना ०-१ असा गेला. पदरी ८९७ विजय होते. एकाच विद्यापीठात राहून इतके विजय तोवर कोणत्याही हॉकी प्रशिक्षकाने मिळवले नव्हते.

ट्रॅव्हिस रॉय २९ ऑक्टोबर २०२० ला गेला, पंचेचाळिसाव्या वर्षी. त्यातली पंचवीस वर्षं चाकांच्या खुर्चीत गेली.

आपणही आपल्या शाळा-महाविद्यालयांत ढाली मोजतो, निकालाचे टक्के मोजतो. मोजावेत. पण गुरूचा खरा हिशेब दोन प्रश्नांवर होतो, असं मला वाटतं. पडलेल्या मुलाजवळ तो किती वर्षं थांबला? आणि जिंकलेल्या मुलाला त्याने वेळीच रोखलं का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर पार्कर यांनी चांगलं दिलं. दुसऱ्यात ते कमी पडले. ८९७ या आकड्याशेजारी या दोन्ही गोष्टी लिहिल्या, तरच त्यांची कारकीर्द पुरी लिहिली गेली असं म्हणता येईल.