रंग उडालेली गोगलगाय

१८२४ साली कित्तूरची राणी चेन्नम्मा कंपनी सरकारशी लढली, हे आपण ऐकलंय. तेव्हा तिने दोन गोरे अधिकारी ओलीस धरले होते. त्यातला एक वॉल्टर इलियट, वय फक्त २१.

आता म्हणाल, याचा समुद्री गोगलगायीशी काय संबंध? तर इलियट सुटला, आणि धारवाडकडच्या दक्षिण मराठा मुलखातले प्राणी टिपू लागला. १८३९ मध्ये तिथल्या सस्तन प्राण्यांची यादीच छापली. पुढे नेमणूक झाली विशाखापट्टणमच्या बाजूला. तिथल्या किनाऱ्यावर त्याला सापडल्या शंख नसलेल्या, रंगीबेरंगी गोगलगायी.

पण एक अडचण होती. स्पिरिटमध्ये ठेवली की ही गोगलगाय आक्रसते, रंगही उडतो. म्हणून जिवंतपणीच तिची चित्रं स्थानिक चित्रकाराकडून काढून घेतली.

नमुने आणि चित्रं पोचली इंग्लंडात, आल्डर आणि हॅनकॉक या अभ्यासकांकडे. १८६४ मध्ये त्यांनी एकीचं नाव ठेवलं ‘कलिंगा ऑर्नाटा’, म्हणजे सजलेली कलिंगा. पांढुरकं अंग, त्यावर लालकेशरी ठिपके.

आजही त्या नावापुढे लिहितात: आल्डर, हॅनकॉक, १८६४. नियमच तसा आहे. पण बाटलीत जे टिकलं नाही, ते ज्याने कागदावर टिकवलं, त्याला त्या नावात जागा नाही. मला हे खटकतं.

ओहोटीला मोबाईलवर गोगलगायीचा फोटो काढाल, तेव्हा त्या हाताची आठवण ठेवा. भेटू पुढच्या भागात!