हरवलेला पक्षी आणि हरवलेली नोंद

ऑक्टोबर २०१४मध्ये शहापूर तालुक्यातल्या तानसा अभयारण्यात रानपिंगळा दिसला. तानसा तलाव १८९२पासून मुंबईची तहान भागवतो आहे. त्याच्या काठच्या सागाच्या रानात हे अतिदुर्मीळ घुबड राहतं, हे तोवर कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

या पक्ष्याचा इतिहास विचित्र आहे. एफ. आर. ब्लुइट यांनी १८७२मध्ये पहिला नमुना मिळवला. पुढच्या वर्षी ह्यूम यांनी (काँग्रेसच्या स्थापनेतले तेच ह्यूम) पक्ष्याला ब्लुइटचं नाव दिलं. १८८४नंतर मात्र तो दिसेनासा झाला. पुढे कर्नल माइनर्टझहागेन यांनी १९१४मध्ये गुजरातेत मांडवीजवळ तो मारल्याचा दावा केला. सालिम अलींसारखे जाणकारही त्या नोंदीवर विसंबून तिथे शोधत राहिले. पक्षी मिळाला नाही, मिळणारच नव्हता. पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातला नमुना तपासला, तेव्हा तो चोरीचा निघाला. जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात मिळवलेल्या पक्ष्यावरची चिठ्ठी बदलली होती. मग रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट खऱ्या जागांकडे वळले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ रानपिंगळा समोर दिसला, ११३ वर्षांनी!

याच रासमुसेनबाई पुढे इंडोनेशियातल्या एका कावळ्याच्या गोष्टीत भेटतात. सुलावेसीजवळच्या बांगाई बेटांवरचा हा कावळा १८८४-८५च्या दोन नमुन्यांपुरताच जगाला ठाऊक होता. मोखामाद इंद्रावान यांना तो २००७-०८मध्ये पेलेंग बेटावर पुन्हा सापडला. पण काळा कावळा तोच कशावरून? न्यूयॉर्कच्या संग्रहालयातल्या त्या दोन जुन्या नमुन्यांशी ताडून रासमुसेन यांनी ओळख पक्की केली.

दोन्ही पक्षी आपापल्या रानातच होते. एकाची नोंद खोटी होती, दुसऱ्याची अपुरी. तानशात तर ती नव्हतीच. आणि हा प्रश्न नुसता अभ्यासकांचा नाही. शहापूर तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला. मुंबईची भूक वाढेल तसे आणखी रस्ते, आणखी प्लॉट येतील. त्यांच्या परवानग्या कागदावर ठरतात, आणि कागदावर नसलेल्या पक्ष्याच्या वतीने हरकत घ्यायला कुणी उभं राहत नाही.

म्हणून मुरबाडच्या रानात कधी भर दिवसा पिंगळा ओरडताना दिसला, तर तारीख, गाव आणि झाड लिहून ठेवावं. मात्र जे पाहिलं तेवढंच लिहावं. एका खोट्या ओळीने शोधणाऱ्यांची किती वर्षं खाल्ली, ते आपण पाहिलंच.