स्टेरॉइडजन्य प्रतिकारदमन (परजीवीशास्त्र)

स्टेरॉइडजन्य प्रतिकारदमन म्हणजे स्टेरॉइड वर्गातील औषधे देऊन प्राण्याची रोगप्रतिकारशक्ती हेतुतः क्षीण करणे होय. परजीवीशास्त्रात ही पद्धत मुख्यत्वे प्रयोगशाळेतील पांढऱ्या उंदरांवर वापरली जाते. निरोगी शरीर ज्या परजीवीला दाबून ठेवते, तो प्रतिकार ढासळल्यावर कसा वागतो, याचा अभ्यास तिच्यामुळे शक्य होतो.

कार्यपद्धती

या प्रयोगांत डेक्सामेथासोन, हायड्रोकॉर्टिसोन किंवा मिथाइलप्रेड्निसोलोन ही औषधे इंजेक्शनने अथवा पिण्याच्या पाण्यातून देतात. औषध पेशीतील ग्राहीशी जोडले जाऊन केंद्रकात शिरते आणि दाह निर्माण करणाऱ्या जनुकांचे कार्य रोखते. थायमस ग्रंथी आक्रसते व टी-लसीकापेशींची संख्या घटते. तुलनेसाठी स्टेरॉइड न दिलेल्या उंदरांचा गट ठेवला जातो.

उपयोग

क्रिप्टोस्पोरिडियम पार्व्हम हा अतिसारास कारणीभूत ठरणारा परजीवी निरोगी प्रौढ उंदरांत सहसा टिकत नाही. डेक्सामेथासोन दिलेल्या उंदरांत मात्र त्याचा संसर्ग टिकतो व त्यावरील औषधांची चाचणी घेता येते. टॉक्सोप्लाझ्मा गोंडी मेंदूत पुटीच्या रूपाने सुप्त राहतो. तो पुन्हा सक्रिय कसा होतो, हेही या पद्धतीने अभ्यासतात.

मानवी रोगाशी संबंध

स्ट्राँगिलॉइडिस स्टेरकोरॅलिस या सूत्रकृमीच्या अळ्या दूषित मातीतून अनवाणी पायांच्या त्वचेवाटे शरीरात शिरतात. त्यामुळे यवतमाळसारख्या शेतीप्रधान जिल्ह्यांतील शेतकरी व शेतमजुरांच्या दृष्टीने हा विषय महत्त्वाचा आहे. हा कृमी आतड्यात अनेक दशके लक्षणांविना राहू शकतो. अशा रुग्णास अन्य आजारासाठी स्टेरॉइड दिल्यास अळ्यांची संख्या अनिर्बंध वाढून त्या फुप्फुसे व इतर अवयवांत पसरतात आणि मृत्यूही ओढवू शकतो. २०२० पासून कोव्हिड-१९ च्या उपचारात डेक्सामेथासोनचा वापर वाढल्यावर, जोखीम असलेल्या रुग्णांची तपासणी करावी किंवा त्यांना आयव्हरमेक्टिन द्यावे, अशी शिफारस तज्ज्ञांनी केली.

हा कृमी सामान्य उंदरांत वाढत नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, जनुकीय बदलांमुळे लसीकापेशी नसलेल्या उंदरांतही मिथाइलप्रेड्निसोलोनने संसर्ग तीव्र झाल्याचे आढळले. स्टेरॉइडचा धोका केवळ लसीकापेशी घटल्यामुळे उद्भवत नसावा, असे यावरून सूचित होते.

मर्यादा

उंदीर स्टेरॉइड-संवेदनशील प्राण्यांत मोडतो. मानवी लसीकापेशी तुलनेने अधिक तग धरतात. म्हणून उंदरांतील मात्रा व निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लागू होत नाहीत. स्टेरॉइडमुळे वजन व रक्तशर्करा बदलते, तसेच जिवाणूंचा संसर्गही सहज होतो. त्यामुळे दिसलेला परिणाम नेमका कशाचा, हे ठरविणे कठीण जाते.

भारतातील नियमन

भारतात असे प्रयोग प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० आणि त्याखालील १९९८ च्या नियमांच्या अधीन असतात. प्रयोगापूर्वी संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची मान्यता आवश्यक असते.