ओल्या हातांचा इतिहास : रानबदकांची शिकार, हातमोजे आणि १९४० चे वादळ

१/
११ नोव्हेंबर १९४०, सोमवार. पहिल्या महायुद्धातील युद्धविरामाचा स्मृतिदिन म्हणून अमेरिकेत सुट्टी होती. मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन या राज्यांच्या सीमेवरून वाहणाऱ्या मिसिसिपी नदीच्या बेटांवर पहाटेपासूनच शिकारी रानबदकांसाठी दबा धरून बसले होते. हवा नोव्हेंबरच्या मानाने विलक्षण उबदार होती आणि पुष्कळांच्या अंगावर पातळ कपडेच होते. दुसरा दिवस उजाडेपर्यंत त्यांतले अनेक जण गारठून मरण पावणार होते. थंड पाण्यावर निघताना अंगात आणि हातात काय घालावे, या साध्या वाटणाऱ्या प्रश्नाचा हा इतिहास. #थ्रेड

२/
शिकाऱ्यांची एवढी गर्दी तिथे का होती? १९२४ मध्ये मिसिसिपीच्या वरच्या भागात वन्यजीव आश्रयस्थान स्थापन झाले होते. १९३० च्या दशकात जलवाहतुकीसाठी नदीवर धरणांची मालिका उभी राहिली. धरणांमागे पाणी पसरले, सखल जमीन बुडाली आणि उथळ जलाशयांत असंख्य लहान बेटे उरली. स्थलांतर करणाऱ्या बदकांना ही जागा मानवली. शिकार मात्र मोकाट नव्हती. १९१८ च्या कायद्याने बाजारात विकण्यासाठी होणारी स्थलांतरित पक्ष्यांची हत्या थांबवली होती आणि १९३४ पासून प्रत्येक शिकाऱ्याला १ डॉलरचे सरकारी तिकीट घ्यावे लागत होते.

३/
या शिकारीत बंदुकीपेक्षा पाण्याशी अधिक झगडावे लागते. अंधार असतानाच होडी लोटायची, दोरीला वजन बांधलेली लाकडी बनावट बदके एकेक करून पाण्यावर मांडायची, पडलेला पक्षी उचलायचा आणि परतताना तीच लाकडी बदके बर्फासारख्या पाण्यातून गोळा करायची. आमिष म्हणून जिवंत बदके बांधण्यास १९३५ मध्ये बंदी आली, तेव्हापासून सारी भिस्त लाकडी बदकांवरच राहिली. म्हणजे दिवसाची सुरुवातच हात भिजवून होते. त्यानंतर तासन्‌तास हालचाल न करता बसायचे आणि क्षणात चाप ओढायचा.

४/
हाताची रचना थंडीला अनुकूल नाही. बोटे हलवणारे मुख्य स्नायू बोटांत नसतात, ते कोपराखालच्या भागात असतात आणि लांब कंडरांनी बोटे ओढतात. त्यामुळे बोटांत स्वतःची उष्णता फारशी निर्माण होत नाही. मनगटातून येणारे रक्त हीच त्यांची शेगडी. शिवाय बोट बारीक असल्याने आकाराच्या मानाने त्याचा पृष्ठभाग मोठा असतो आणि ऊब झपाट्याने निघून जाते. त्वचेचे तापमान १५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले, की बोटांचे कसब घसरते; ८ अंशांच्या आसपास स्पर्शज्ञान बहुतेक हरपते.

५/
त्यात पाणी मिसळले, की संकट दुप्पट होते. स्थिर हवेच्या तुलनेत पाणी सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. हातमोज्याची ऊब म्हणजे वस्तुतः त्याच्या धाग्यांत अडकलेली हवा. त्या हवेची जागा पाण्याने घेतली, की हातमोजा असून नसल्यासारखा होतो. वरून वारा सुटला, तर बाष्पीभवनही सुरू होते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता खर्ची पडते आणि त्यातला मोठा वाटा हाताकडून वसूल केला जातो.

६/
शरीर स्वतःहून थोडा प्रतिकार करते. लंडनमधील वैद्यक संशोधक थॉमस लुइस यांनी १९३० मध्ये दाखवून दिले, की बर्फाळ पाण्यात बोट बुडवले की रक्तवाहिन्या आधी आकसतात, पण काही मिनिटांनी पुन्हा रुंदावतात. मग पुन्हा आकसतात, पुन्हा रुंदावतात. या आवर्तनाला वैद्यकात ‘हंटिंग’ प्रतिक्रिया म्हणतात. मात्र या नावाचा शिकारीशी संबंध नाही. समतोल शोधत झुलत राहणे हा त्याचा अर्थ. संपूर्ण शरीरच गारठले, की हा प्रतिकार क्षीण होतो. हृदय आणि मेंदू वाचवण्यासाठी शरीर हातांकडे जाणारे रक्त आवरून धरते.

७/
यावरचा सर्वांत जुना आणि टिकाऊ उपाय लोकरीचा. लोकरीचा धागा मूळचाच कुरळा असतो. भिजला तरी तो पूर्ण चपटा होत नाही आणि थोडी हवा धरून ठेवतो. स्वतःच्या वजनाच्या जवळपास एक तृतीयांश आर्द्रता तो हाताला ओलावा न जाणवू देता शोषतो आणि शोषताना किंचित उष्णताही सोडतो. सुती धागा पाणी पितो आणि हाताला चिकटून बसतो. उत्तर अटलांटिकच्या किनाऱ्यावरील बायका मासेमारांसाठी मुद्दाम मोठ्या मापाचे हातमोजे विणत, मग ते भिजवून, मळून, आटवून दाट करत. अशा विणीतून वारा सहज शिरत नसे.

८/
त्या हातमोज्यांचे मोल हॉवर्ड ब्लॅकबर्न या मासेमाराच्या हकिगतीतून कळते. जानेवारी १८८३ मध्ये न्यूफाउंडलंडजवळ हिमवादळात त्याची छोटी होडी मूळ जहाजापासून तुटली. होडीतले पाणी उपसण्याच्या धांदलीत त्याचे हातमोजे समुद्रात गेले. हात गोठणार, हे ओळखून त्याने बोटे वल्ह्यांच्या मुठींभोवती वाकवली आणि तशीच गोठू दिली. सोबती थॉमस वेल्च होडीतच मरण पावला. गोठलेल्या हातांनी ब्लॅकबर्न पाच दिवस झुंजत किनाऱ्याला लागला. प्राण वाचले, पण हातांची सगळी बोटे गेली.

९/
शिकाऱ्याची अडचण मासेमारापेक्षा वेगळी होती. चार बोटे एकाच कप्प्यात ठेवणारा हातमोजा, म्हणजे मिटन, सर्वांत उबदार. कारण बोटे एकमेकांना ऊब देतात. पण मिटन घालून चाप ओढता येत नाही. पाच बोटांच्या हातमोज्यात चाप सापडतो, पण प्रत्येक बोट एकटे पडते. न्यूफाउंडलंड आणि लॅब्राडोरच्या लोकांनी मधला मार्ग काढला : अंगठा आणि तर्जनी वेगळी, बाकीची तीन बोटे एकत्र. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराने आपल्या सैनिकांना दिलेल्या मिटनमध्येही चापाच्या बोटासाठी असाच वेगळा कप्पा होता.

१०/
मिनेसोटात आणखी एक परंपरा होती. तेथील लाकूडतोडे बाहेरून हरणाच्या कातड्याचे आणि आतून सुट्या लोकरी अस्तराचे मिटन वापरत. त्यांना ‘चॉपर’ म्हणत. अस्तर ओले झाले, की ते काढून शेकोटीजवळ वाळवायचे आणि कोरडे अस्तर घालायचे. कोरड्या हिमात ही जोडी उत्तम. पण पाण्यात सतत बुडवले, तर कातडे भिजून जड होते. चार्ल्स गुडइयर यांच्या १८४४ च्या पेटंटपासून टिकाऊ रबर उपलब्ध होते. मात्र रबर पाणी जसे आत येऊ देत नाही, तसा घामही बाहेर जाऊ देत नाही. त्यात हात आतूनच ओला होतो.

११/
पुन्हा ११ नोव्हेंबरकडे. सकाळी अनेक ठिकाणी तापमान १० ते १५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान होते. मग आभाळ भरून आले आणि वादळापुढे पळणारी बदके हजारोंच्या थव्यांनी उतरू लागली. अशी शिकार कोणी पाहिली नव्हती. परतण्याची हीच वेळ होती. पण त्या लोभाने अनेक जण थांबले. आधी पाऊस आला, मग हिममिश्रित पाऊस आणि शेवटी आंधळे करणारे हिम. हा क्रमच घातक ठरला. माणसे आधी चिंब भिजली आणि नंतर गोठली.

१२/
वाऱ्याचा वेग ताशी ८० किलोमीटरच्या पुढे गेला. काही भागांत २४ तासांत तापमान सुमारे २८ अंश सेल्सिअसने उतरले. मिनेसोटातील कॉलेजव्हिल येथे जवळपास ६८ सेंटिमीटर हिम पडले. नदीवर एवढ्या उंच लाटा उठल्या, की लहान होड्या त्यांत तग धरू शकत नव्हत्या. बेटांवर अडकलेल्यांनी होड्या उलट्या करून त्यांचा आडोसा केला. रात्रभर पाय आपटत, एकमेकांना हलवत, जागे ठेवत ज्यांनी रक्त खेळते ठेवले, त्यांतले अनेक वाचले. अशा वेळी बोटांनी दगा दिला, तर खिशातली आगकाडीसुद्धा निरुपयोगी होते. ती धरून ओढता यायला हवी.

१३/
दुसऱ्या दिवशी, १२ नोव्हेंबरला, वारा अजून घोंगावत असताना विनोना गावचा वैमानिक मॅक्स कॉनरॅड आपले चिमुकले पायपर कब विमान घेऊन नदीवर गेला. बेटांवर अडकलेली माणसे शोधून त्याने डब्यांत भरलेले खाणे, मद्य, सिगारेटी आणि आगकाड्या खाली टाकल्या. मग तो त्यांच्यावर घिरट्या घालत राहिला, म्हणजे बचावपथकाच्या होड्यांना दिशा कळावी. पुढे हाच कॉनरॅड हलक्या विमानांतून केलेल्या लांब पल्ल्याच्या विक्रमी उड्डाणांसाठी जगभर ओळखला गेला.

१४/
या वादळाने अमेरिकेच्या मध्यभागात सुमारे दीडशे बळी घेतले. एकट्या मिनेसोटात ४९ जण मेले. त्यांतले निम्म्याच्या आसपास बदकांचे शिकारी होते. मिशिगन सरोवरात मालवाहू जहाजेही बुडाली. वेधशाळेवर टीकेची झोड उठली, कारण या प्रदेशाचा अंदाज शिकागोहून दिला जात असे आणि तेथील कार्यालयात चोवीस तास माणसे नसत. त्यानंतर अहोरात्र काम सुरू झाले आणि अंदाज वर्तवण्याची जबाबदारी प्रादेशिक कार्यालयांकडेही सोपवण्यात आली.

१५/
हातमोज्यांचे पुढचे पाऊल तोवर प्रयोगशाळेत पडले होते. १९३० मध्ये ड्यूपाँ कंपनीत वॉलेस कॅरोदर्स यांच्या गटाने निओप्रीन हे कृत्रिम रबर तयार केले. १९५० च्या दशकाच्या आरंभी भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी पाणबुड्यांसाठी पोशाखाचा विचार करताना जुनी समजूत उलटी केली : उबदार राहण्यासाठी कोरडे राहणे अटळ नाही. निओप्रीनच्या फेसाळ पत्र्यात बंदिस्त वायूचे असंख्य बुडबुडे असतात. पाणी त्यांची जागा घेऊ शकत नाही. त्यामुळे हात ओला असूनही ऊब टिकते. लाकडी, आणि पुढे प्लास्टिकची, बदके पाण्यातून उचलणाऱ्यांसाठी ही मोठीच सोय झाली.

१६/
दुसरी वाट पातळ पापुद्र्यांची. १९६९ मध्ये बॉब गोर यांना टेफ्लॉनच्या जातीचा पदार्थ झटक्यात ताणला असता सूक्ष्म छिद्रांचा पडदा मिळतो, असे आढळले. त्यातून पाण्याचा थेंब आत शिरत नाही, घामाची वाफ मात्र बाहेर पडते. १९७९ मध्ये थिन्सुलेट हे अतिसूक्ष्म धाग्यांचे अस्तर बाजारात आले. थोड्या जाडीत पुष्कळ हवा अडवणे हे त्याचे तत्त्व. ते तयार करणारी थ्रीएम कंपनी मिनेसोटाचीच. ज्या राज्याने १९४० ची रात्र पाहिली, त्याच राज्यातून हे अस्तर जगभर गेले.

१७/
तरीही एकच सर्वगुणी हातमोजा आजवर निघालेला नाही. जाडी वाढली, की चाप हरवतो. पातळ केला, की ऊब जाते. पाणी पूर्ण अडवले, की घाम साचतो. म्हणून जाणते शिकारी कामे वाटून देतात. पाण्यात हात घालताना कोपरापर्यंतचे जलरोधक हातमोजे. बंदूक धरताना पातळ, चाप जाणवेल असे. वाट पाहताना लोकरी मिटन. आणि पाणी न शिरणाऱ्या पिशवीत एक कोरडी जोडी, जिला दिवसभर हात लावायचा नाही. मनगट झाकलेले हवे, कारण बोटांकडे जाणारे रक्त तिथूनच जाते. माप किंचित सैल हवे, कारण घट्ट हातमोजा रक्त अडवतो आणि हवेलाही जागा ठेवत नाही. सुती हातमोजा पाण्यावर नकोच.

१८/
१९४० च्या शिकाऱ्यांना लोकर ठाऊक होती, कातडे ठाऊक होते, मिनेसोटाचा हिवाळाही ठाऊक होता. अज्ञान त्यांना नडले नाही. नडली ती सकाळची उबदार हवा. निघतानाची हवा पाहून कपडे निवडले गेले आणि परतीच्या हवेने हिशेब चुकता केला. ब्लॅकबर्नच्या समुद्रात पडलेल्या हातमोज्यांपासून आजच्या निओप्रीनपर्यंत साहित्य पुष्कळ बदलले. हातमोजे निवडण्याची कसोटी तीच राहिली. ते घरातून निघतानाच्या हवेसाठी निवडायचे नसतात. दिवसाच्या सर्वांत वाईट तासात, भिजलेल्या अवस्थेत, थरथरत्या बोटांनी एक आगकाडी ओढता येईल का, हे पाहून निवडायचे असतात.

(समाप्त)