हुक्म, हुकूम आणि लाल शाई

उर्दूच्या वर्गात विद्यार्थी 'हुकुम', 'फिकर', 'अकल' म्हणाला की त्याला लगेच टोकले जाते. शेजारच्या मराठीच्या वर्गात मात्र 'हुकूम', 'फिकीर', 'अक्कल' हीच रूपे शुद्ध ठरतात. अशा उच्चारांना सर्रास अडाणीपणा म्हटले जाते. त्यांचा इतिहास पाहिला तर हे मत टिकत नाही.

अरबी-फारसीत शब्दाच्या शेवटी दोन व्यंजने स्वराविना लागून येतात. त्यांपैकी खर्च, कर्ज, दोस्त यांसारख्या जोड्या मराठीने जशाच्या तशा ठेवल्या. येथे र्, स् नंतर आवाज उतरत जाऊन थांबतो. 'हुक्म', 'फिक्र' यांत क्-वर अडलेला आवाज पुढच्या म्, र्-साठी पुन्हा चढवावा लागतो, म्हणून मध्ये आधाराचा स्वर येतो. तो बहुधा मागच्या स्वराच्या जातीचा असतो: हुकूम, फिकीर. मागे 'अ' असल्यास व्यंजनही दुणावते: अक्कल, नक्कल, अस्सल. 'इस्म'चा 'इसम' झाला, 'इसीम' झाला नाही. असे अपवाद आहेतच. ल्-च्या जोड्याही फुटल्या: जुलूम, मुलूख. गंमत अशी, की प्रत्यय लागताच हा स्वर निघून जातो: मुलखात, जुलमाने. 'माणूस–माणसाला' या घरच्या चालीत परके शब्द इतके मुरले! मोल्सवर्थच्या कोशात (१८३१) ही रूपे अरबी मूळ नोंदवून दिली आहेत.

दखनीतही हेच घडले. गोवळकोंडा-विजापूरच्या कवींनी साकिन अक्षर मुतहर्रिक करून, म्हणजे स्वरहीन व्यंजनाला स्वर देऊन, वृत्तात बसवले. कारण लोक तसेच बोलत होते. त्याला दोष ठरवणारा ठळक दाखला पुढे दिल्लीत सापडतो. शाह हातिम यांनी १७५५-५६च्या सुमारास आपल्या जुन्या काव्यातून निवड करून 'दीवानजादा' सिद्ध केला. त्याच्या फारसी प्रस्तावनेत त्यांनी साकिनचे मुतहर्रिक आणि मुतहर्रिकचे साकिन करणे त्याज्य मानले. 'मरज'चे 'मर्ज', 'गरज'चे 'गर्ज' ही त्यांची उदाहरणे. मुहम्मद कुली कुतुबशाह १६१२ मध्ये वारले, त्याला तोवर जवळजवळ दीड शतक लोटले होते. म्हणजे ज्या कसोटीवर आज दखनी मुलाचा उच्चार नापास होतो, ती कसोटी त्या उच्चाराहून धाकटी आहे. परीक्षेत प्रमाण उर्दू मागावी, हे योग्यच. पण 'प्रमाण नव्हे' आणि 'चूक' हे दोन शेरे वेगळे आहेत.

फारसीचा दाखला देणाऱ्यांनी 'कुलूप' हा शब्दही पाहावा. मूळ अरबी 'कुफ्ल'. त्यातील फ् आणि ल् यांची अदलाबदल मराठीत येण्याआधी फारसी बोलींतच झाली होती. ताजिक भाषेत आजही कुलपाला 'कुल्फ'च म्हणतात. त्याच 'कुल्फ'पासून झाकणाच्या साच्यात गोठवलेल्या कुल्फीचे नाव आले, आणि तिला 'कुफ्ली' म्हणा असा आग्रह कोणत्याही उस्तादांनी धरलेला नाही.