एटापल्लीचा रस्ता कोणाच्या हिशेबात

रस्ते नियोजनाच्या शाखेत माझी सगळी नोकरी गेली. बाहेरच्या माणसाला रस्ता म्हणजे खडी, डांबर आणि ठेकेदार. आम्हाला तो त्याच्या कितीतरी वर्षं आधी दिसतो: नकाशावर तुटक रेघ, रेघेला क्रमांक, आणि क्रमांकामागे कुठलं तरी सूत्र. एटापल्ली तालुक्याचा इतिहास मी या सूत्रांमधूनच वाचला. माझं मत विचाराल तर इथला रस्ता गावासाठी क्वचितच आखला गेला. जंगलातून काय बाहेर काढायचं आहे, यावर तो ठरत आला.

या मुलखासाठीची पहिली मोठी वाहतूक योजना रस्त्याची नव्हतीच, नदीची होती. नागपूरचं राज्य खालसा झाल्यावर इंग्रजांचं लक्ष इकडच्या कापसावर गेलं. प्राणहिता-गोदावरीतून नावांनी तो पूर्व किनाऱ्यावर न्यायचा, असा सर आर्थर कॉटन यांचा आग्रह. वाटेत खडकांचे तीन अडसर होते: दुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि तिसरा आपल्या अहेरीकडचा देवलमरी. बंधाऱ्यांची, कालव्यांची कामं निघाली. सिरोंचा तर एका स्वतंत्र जिल्ह्याचं मुख्यालय झालं. मग १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला आली आणि कापूस मुंबईकडे वळला. १८७१ मध्ये कामं गुंडाळली, १८७४ मध्ये जिल्हाही मोडला आणि सिरोंचा चांद्याची तहसील होऊन बसली. मालाला दुसरी वाट मिळाली आणि सरकारला या मुलखाची गरज उरली नाही.

त्यानंतर पाळी सागाची. आलापल्लीचा साग आणि पुढे बल्लारपूरच्या कागद गिरणीला लागणारा बांबू यांच्यासाठी जंगल खात्याच्या वाटा पडल्या. त्या तोडीच्या कूपापासून निघून लाकडाच्या डेपोपाशी संपत. गाव वाटेत आलंच तर ते गावाचं नशीब. पावसाळ्यात या वाटा बंद, कारण पावसाळ्यात तोड बंद. नाल्यावर पूल बांधायचं खात्याला काही अडलेलं नव्हतं.

डिसेंबर १९४३ मध्ये देशभरच्या मुख्य अभियंत्यांची परिषद भरली. ती भरली नागपुरात, म्हणजे आमच्याच प्रांताच्या राजधानीत. तिथे वीस वर्षांची जी योजना ठरली ती ‘नागपूर योजना’ म्हणून अभ्यासक्रमात आहे. राष्ट्रीय मार्ग, राज्य मार्ग, जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग ही उतरंड तिचीच. तिचं एक सूत्र असं: सुधारलेल्या शेतीच्या भागात कोणतंही गाव मुख्य रस्त्यापासून ५ मैलांपेक्षा लांब नको, बिगरशेती भागात २० मैल चालतील. एटापल्ली कुठल्या वर्गात पडणार हे सांगायला नको. परिषद जवळ भरली, पण अंतर चौपट मान्य झालं. १९६१ च्या योजनेत अविकसित भागासाठी पक्क्या रस्त्याचं हे अंतर १२ मैलांवर आलं. म्हणजे पक्का रस्ता गाठायला पुरा दिवस मोडला तरी योजनेच्या लेखी गाव ‘जोडलेलं’.

वाहनगणनेची गंमत तर वेगळीच. रस्ता रुंद करायचा की नाही हे वाहतूक मोजून ठरतं. प्रत्येक वाहनाला वजन असतं, त्याला आम्ही पीसीयू म्हणतो: मोटारीला १, ट्रक-बसला ३, सायकलीला अर्धा, बैलबंडीला ८. बंडी सावकाश चालते, रस्ता अडवते, म्हणून तिचा मान ट्रकहून मोठा. पायी माणसाला रकानाच नाही. एटापल्लीहून गट्ट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर बाजाराच्या दिवशी आमची गणना चालू होती. खांद्यावर कावड घेतलेले माडिया पुरुष, डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बाया. सकाळपासून रांग तुटत नव्हती. तक्त्यावर मात्र चार सायकली आणि दोन बंड्या. एका म्हाताऱ्यानं आमच्या गणकाला विचारलं, “आमाले नाही लिहत का जी?” गणकानं माझ्याकडे पाहिलं. मी तक्त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला पायी माणसं लिहायला लावली. वरच्या कार्यालयानं ती बाजू वाचली नाही, तो त्यांचा दोषही नव्हे. त्यांच्या नमुन्याला मागची बाजूच नव्हती.

लोकसंख्येची अट आली तेव्हा वेगळा पेच पडला. २५ डिसेंबर २००० ला पंतप्रधान ग्रामसडक योजना सुरू झाली. सपाटीवर ५००, आदिवासी भागात २५० वस्तीला बारमाही रस्ता. आजूबाजूचे टोले, म्हणजे पाडे, एकत्र मोजता येत, पण ५०० मीटरच्या आत असतील तरच. माडिया गाव मुळात विखुरलेलं. दीडशे माणसांचे दोन टोले, मध्ये नाला आणि पाऊण किलोमीटर जंगल: दोन्ही अपात्र. नक्षलग्रस्त तालुक्यांसाठी अट १०० वर आली तेव्हा कुठे अशा वस्त्या यादीत दिसू लागल्या.

यादीत आलं म्हणजे झालं असंही नाही. १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानं जंगलातल्या रस्त्याला दिल्लीची परवानगी लागू लागली. २००६ च्या वनहक्क कायद्यानं ग्रामसभेच्या शिफारशीवर एक हेक्टरपर्यंतची सूट दिली, हेक्टरी ७५ झाडांपेक्षा जास्त तुटणार नसतील तर. सहा मीटर रुंदी धरा: एका हेक्टरात जेमतेम १.६ किलोमीटर रस्ता बसतो. पुढचं गाव त्याहून लांब असतं.

पैसा खरा आला तो बंदोबस्तापायी. नक्षलग्रस्त जिल्ह्यांसाठी २००९ मध्ये आणि पुन्हा २०१६ मध्ये खास रस्ते योजना निघाल्या. त्याची किंमतही मोजली गेली. १ मे २०१९ ला कुरखेडा तालुक्यात दादापूरला रस्त्याच्या कामावरची वाहनं जाळली गेली आणि तिकडे निघालेले १५ पोलीस जांभुळखेड्याजवळच्या स्फोटात गेले. दरम्यान एटापल्लीतल्याच सुरजागडचं लोहखनिज निघू लागलं आणि आलापल्लीच्या रस्त्यावर ट्रकांच्या रांगा लागल्या. सागानंतर बांबू, बांबूनंतर लोखंड. आता आमच्या तक्त्याचे सगळे रकाने भरून वाहतात.

महाराष्ट्रात एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला गेली. एटापल्ली तालुक्यातल्या गर्देवाडा-वांगेतुरीच्या ३२ किलोमीटरच्या रस्त्यावर ती आली १ जानेवारी २०२५ ला. ही गाडी पायी माणसांसाठी आहे, म्हणून तिचं मोल मला खनिजाच्या कुठल्याही मार्गिकेपेक्षा जास्त वाटतं. शाखेतल्या तरुण अभियंत्यांना एवढंच सांगणं: गर्देवाडा-वांगेतुरीची पुढची गणना बाजाराच्या दिवशी लावा, आणि पायी माणसाचा रकाना तक्त्याच्या पुढच्या बाजूला छापून घ्या.